चहाचा पहिला घोट

"मला घरी ने, लीले. मला न्हाई जमायचं."

आत्या कामतीच्या थांब्यावर फरशीवरच बसल्या होत्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या मंगळवेढ्याकडं सासूला आत्याच म्हणतात. त्यांच्या नाकाडोळ्यांतून पाणी गळत होतं, जांभईवर जांभई येत होती आणि एप्रिलच्या उन्हात दंडावर काटा उभा होता. एसटीच्या खिडकीतून त्या दोनदा ओकल्या, तिसऱ्यांदा कंडक्टरनं बेल मारून आम्हाला उतरवलं. माणूस वाईट नव्हता. "म्हातारीला ऊन लागलंय ताई, लिंबूपाणी पाजा. मागनं दहाची गाडी हाय," असं सांगून गेला.

ऊन लागलं नव्हतं. पण खरं काय ते मी भर थांब्यावर कुणाला सांगणार होते? सुगलाबाई कोरे, वय त्रेसष्ट, कपाळाला विभूती, गळ्यात इष्टलिंग, जन्मात कधी सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही. अशा बाईला व्यसन लागलंय, हे माझं मलाच पटायला दोन महिने लागले होते.

"आत्या, अर्ध्यात आलोय वो. पाऊण तासात सोलापूर."

"अर्ध्यात म्हंजी मागं जायाला बी अर्धंच की."

"डॉक्टरीणबाई एक वाजेपर्यंतच नवीन माणूस बघतात. आज चुकलं तर शुक्रवार."

"शुक्रवारपत्तुर मी जगत न्हाई. आन् जगले तर येत न्हाई. आधीच सांगून ठिवते."

येत नाही म्हणाल्या ते खोटं नव्हतं. मी त्यांना ओळखून होते. आज त्या मनानं निघाल्या होत्या. परत घरात पाऊल पडलं की कुणाच्या बापाच्यानं त्या हलणार नव्हत्या.

आमचा घरचा धंदा कडक भाकरीचा. पत्र्याच्या शेडमध्ये सहा चुली, सहा बायका, आणि आत्या त्यांच्या म्होरक्या. एकेक बाई दिवसाला दोनशे-अडीचशे भाकऱ्या थापायची. खांदे आणि मनगटं भरून येणारच. गल्लीतले एक डॉक्टर कागदाच्या पुडीत कॅप्सूल बांधून द्यायचे, वर नाव नाही की गाव नाही. नुसती गिळली तर पोटात जळजळते म्हणून ती उघडून आतली भुकटी चहात टाकायची, ही आमच्या शेडची रीत. दहा वाजले की बायका हाक मारायच्या, "पुडीचा कर गं चहा." तो चहा सहा वर्षं मी केला. बाकीच्यांचं एकीवर, फार तर दोनवर भागायचं. आत्यांच्या एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार, आणि शेवटी शेवटी दिवसाला दहा. कुणी लक्ष दिलं नाही. भाकऱ्या वेळेत निघत होत्या ना!

मग त्या डॉक्टरांच्या मुलीचं लग्न निघालं आणि दवाखाना आठ दिवस बंद राहिला. तिसऱ्या दिवशी सहाच्या सहा चुली थंड. सगळ्यांची नाकं गळतायत, पोटं बिघडलीत, अंगात कणकण. आम्ही ज्वारीला दोष दिला, पाण्याच्या टाकीला दिला, समोरच्या घरातल्या बाईच्या नजरेला दिला. लग्न उरकून डॉक्टर आले, पुड्या मिळाल्या आणि तासाभरात सगळ्या बायका टुणटुणीत होऊन गाणी म्हणायला लागल्या. एवढं होऊनही आमच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. उलट, डॉक्टरांच्या हाताला गुण आहे म्हणून आम्ही त्यांना भाकऱ्यांची चळत नेऊन दिली.

कळलं ते फेब्रुवारीत. चुलीपुढं बसल्या बसल्या आत्यांना झटका आला, डोळे फिरले आणि डावा हात तापलेल्या तव्यावर पडला. पंजापासून कोपरापर्यंत साल निघाली. सोलापूरला ज्या डॉक्टरांनी हात बांधला, त्यांनीच पुडी उघडून बघितली आणि कॅप्सूलचं नाव सांगितलं. "दुखण्यावरची आहे, पण अफूच्या जातीची. झटका हिनंच आला. पुढच्या वेळी हात नाही, तोंड पडेल तव्यावर. बंद करा."

बंद करा म्हणायला त्यांचं काय जात होतं? आत्यांनी दोनदा बंद केली. दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या पायावर डोकं ठेवलं. सासूनं, सुनेच्या पायावर. मी पुडी काढून दिली.

मग शोधाशोध सुरू झाली. व्यसनमुक्तीच्या एका ठिकाणी म्हणाले, आम्ही फक्त दारूवाले पुरुष घेतो. दुसरीकडं तीन महिने कोंडून ठेवायचं म्हणाले. माझे यजमान मल्लिनाथ ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर, ते फोनवरून ओरडले, "आईला नशेबाज म्हणतीस? भाऊबंदात काय तोंड दाखवू मी?" शेवटी औषधाच्या दुकानातल्या बाईंनी, दुकानात दुसरं कुणी नाही बघून, मला एक नंबर लिहून दिला. "याच्यावर औषध आहे, ताई. जिभेखाली ठेवायची गोळी. तळमळ थांबते, माणूस कामाला लागतो. सरकारी केंद्र आहे, लाजू नका."

फोनवर केंद्रातल्या म्हेत्रे सिस्टर होत्या. त्यांनी बजावलं, "येण्याआधी दीड दिवस तरी पुडीतलं काही पोटात जाऊ देऊ नका. त्रास होईल. त्या त्रासातच आणा." मी हो हो म्हटलं. पण माझं डोकं असं, की मला हे रक्त तपासायला जाण्यासारखं वाटलं. उपाशीपोटी या म्हणतात आणि आपण अर्धा कप चहा पिऊन जातोच की. कुणाचं काय बिघडतं?

रविवारी संध्याकाळी शेवटच्या दोन घेतल्यावर आत्यांनी उरलेली पुडी माझ्या हातात दिली. "चुलीत घाल." आणि त्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. मी कागद चुलीत घातला. चार कॅप्सूल पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवल्या. असू द्याव्यात, वेळ काय सांगून येते?

आणि आज, मंगळवारी, कामतीच्या थांब्यावर ती वेळ आली होती. आत्या उठून रस्त्याच्या पलीकडं निघाल्या होत्या. मंगळवेढ्याकडं जाणाऱ्या गाड्या तिथं थांबत.

"बरं, जाऊ परत," मी त्यांचा हात धरून म्हटलं. "पण आधी चहा घ्या. नाहीतर गाडीत परत उलटी होईल."

त्या बसल्या. टपरीवाल्याला मी साखर जास्त घालायला सांगितली. त्यांच्याकडं पाठ केली, गाठ सोडली आणि दोन कॅप्सूल कपात रिकाम्या केल्या. बोटं इतकी सरावलेली, की एक कण बाहेर पडला नाही.

आत्यांनी पहिला घोट घेतला आणि थांबल्या. माझ्याकडं बघितलं. मग कप दोन्ही हातांत धरून तळापर्यंत प्यायल्या.

"लई ग्वाड केलास," एवढंच म्हणाल्या.

दहाची गाडी आली तेव्हा त्या आपणहून उठल्या. सोलापूर येईपर्यंत जांभया थांबल्या होत्या आणि शेजारच्या बाईशी त्यांचं ज्वारीच्या भावावरून बोलणं रंगलं होतं. मी खिडकीतून बाहेर बघत स्वतःवर खूश होते. शिवलीला, म्हटलं, तुझ्यासारखी हिकमती सून शोधून सापडायची नाही.

केंद्र एका दवाखान्याच्या मागच्या अंगाला होतं. व्हरांड्यात बाकावर सगळे पुरुषच. आत्यांनी पदर नाकापर्यंत ओढला. शेजारी खाकी शर्टातला एक रिक्षावाला बसला होता. त्यानं सरकून जागा दिली आणि विचारलं, "नवीन का, मावशी? काल-आज काय घेतलं न्हाई ना?"

"का हो?" मी विचारलं.

"घेतलं असंल तर हितनंच म्हागारी पळा. मी पैल्या टायमाला खोटं बोललो हुतो. सकाळी वढलं आन् डॉक्टरला सांगितलं, दोन दिस झाले. ही गोळी जिभंखाली गेली आन् अर्ध्या तासात..." त्यानं स्वतःच्या दंडाची कातडी चिमटीत धरून ओढली. "जित्त्यापणी सोलतात म्हना की. आधीचं आतमदी असलं का ही त्येला हुसकून लावती. तीन दिसांचं मरण एका तासात. सलायन लावून चौघांनी धरला मला."

मी पदर सावरत विचारलं, "आणि म्हातारं माणूस असलं तर?"

"मी तर तवा तीस वर्षांचा हुतो," तो म्हणाला. "तरी आईला बोलवा म्हनत हुतो."

मी आत्यांकडं बघितलं. त्या समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बघत होत्या. साडेअकरा. चहाला दोन तास झाले होते. आत जाऊन सांगावं? सांगितलं तर आज गोळी नाही, आज नाही तर शुक्रवार, आणि शुक्रवारी आत्या येणार नाहीत. मग परत पुडी, परत चूल, परत तवा. नाही सांगावं? मी नखं खात बसले. सिस्टरांना बाजूला घेऊन सांगायला दोनदा उठले; एकदा त्या फोनवर होत्या, एकदा माझंच पाऊल दारातून मागं फिरलं.

"सुगलाबाई कोरे!"

डॉक्टर इनामदार बाई माझ्याच वयाच्या होत्या. आवाज मऊ, पण नजर अशी की लपायला जागा नाही. त्यांनी आत्यांचा भाजलेला हात आधी बघितला, मग विचारलं, "शेवटची गोळी कधी घेतली, मावशी?"

"परवा. दिवेलागणीला."

"म्हणजे चाळीस तास." त्यांनी टॉर्च डोळ्यांवर धरला, नाडी बघितली. "चाळीस तासांत घाम नाही, काटा नाही, आणि बाहुल्या एवढ्या बारीक?"

"सकाळी लई हुतं. आता कमी झालंय. देवाची किरपा."

"वाटेत काही घेतलं नाही ना?"

प्रश्न आत्यांना होता, पण बाईंनी बघितलं माझ्याकडं. मी पदराची गाठ मुठीत धरली. उत्तर आत्यांनीच दिलं.

"चहा घेतला निस्ता."

"मावशी, मला हे पटत नाही. तरी तुमच्या शब्दावर अगदी थोडी देऊन बघते. खोटं असेल तर सोसायचं तुम्हाला आहे."

"मी सोसंन."

म्हेत्रे सिस्टरांनी पांढऱ्या गोळीचा तुकडा कागदात धरून त्याची भुकटी केली. अगदी आमच्या शेडसारखी. "जीभ वर करा. गिळायचं नाही, बोलायचं नाही." आत्यांनी डोळे मिटले, तोंड उघडलं. त्यांचे उरलेले सहा दात दिसले. सिस्टरांनी कागद ओठांपाशी नेला.

"थांबा!" मी सिस्टरांचं मनगटच धरलं. "मी चहात घातली. साडेनवाला. दोन घातल्या. त्यांना माहीत नाही."

सिस्टरांनी कागदाची घडी केली. मला वाटलं, आता डॉक्टरीणबाई मला उभी सोलणार. त्यांनी नुसतं विचारलं, "का घातल्या?"

"त्या परत चालल्या होत्या. न घालता त्यांना इथवर आणताच आलं नसतं हो."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "आणलंत ते बरं केलंत. पण आज आता देता येणार नाही. शुक्रवारपर्यंत थांबायची गरज नाही, आज वॉर्डात राहा, मी सांगते. उद्या सकाळी देऊ. रात्रभर त्रास होईल, तो होऊ द्यायचा. या वेळी चहा नको."

आत्या उठल्या आणि व्हरांड्यात जाऊन बसल्या. मी त्यांच्या मागून गेले.

"आत्या, शिव्या द्या मला."

"कशापायी?"

"फसवलं मी तुम्हाला."

त्या हसल्या. त्या दिवसात पहिल्यांदाच. "साखरंनं कडू झाकतंय व्हय, लीले? सहा वरसं पिते मी तुझ्या हातचा पुडीचा चहा. पैल्याच घोटाला कळलं मला."

"मग आत बोलला का नाही? त्या रिक्षावाल्याचं ऐकलं नव्हतं तुम्ही?"

"ऐकलं की. म्हणलं, एक तास सोसू. मेले तर तव्यावर मरण्यापरीस बरंच." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "आजचा दिस हातचा घालवायचा नव्हता गं. उद्या माझा जीव धजंल का न्हाई, माझा मलाच इश्वास न्हाई. आन् तुझं नाव सांगून तुला त्या बाईम्होरं खाली बगाया लावू व्हय?"

मला रडू आवरलं नाही. रिक्षावाला उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसला.

"रडू नगं. पदराच्या गाठीत अजून किती हाईत?"

मी दचकले. "दोन."

"सिस्टरकडं दिऊन ये. आत्ताच्या आत्ता. माझं डोकं ठिकाणावर हाय तवर."

मी धावत जाऊन दिल्या. छातीवर हात ठेवून सांगते, ती गाठ रिकामी नसती तर मी दिवस मावळायच्या आत त्यांना त्या दिल्या असत्या. कारण दिवस मावळायच्या आत आत्यांनी मागायला सुरुवात केली. गाठीत काही नाही हे ठाऊक असून त्यांनी पहाटेपर्यंत सतरा वेळा मागितली. माझ्या माहेरच्या सात पिढ्या उद्धरल्या, माझ्या पदराची सगळी टोकं चाचपून बघितली, पाय पकडले, मग परत शिव्या. पाय पलंगावर असे आपटत होते की शेजारच्या बाईनं आपली उशी आणून मध्ये ठेवली. मी एकच शब्द बोलत राहिले: "नाही." सहा वर्षांत त्यांना हा शब्द मी पहिल्यांदा ऐकवत होते.

सकाळी नऊ वाजता इनामदार बाईंनी परत टॉर्च धरला. बाहुल्या या वेळी मोठ्या होत्या. "आता खरं दिसतंय," त्या म्हणाल्या.

भुकटी जिभेखाली गेली. आत्यांनी माझं मनगट धरलं, भाकरी थापून थापून दगड झालेल्या पंजानं. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते आणि दंडाची कातडी ओढून दाखवणारा रिक्षावाला मला दिसत होता. दहा मिनिटं गेली. वीस गेली. कुणी किंचाळलं नाही. पाऊण तासानं मनगटावरची पकड सैल पडली. दंडावरचा काटा बसला, पाय थांबले.

"ही बी कडूच हाय," आत्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, "पुडीवानी गंमत न्हाई हिच्यात. निस्तं आतलं वराडायचं गप झालं."

मी खालून चहा आणला. आत्यांनी कप ओठांपर्यंत नेला, थांबल्या आणि माझ्यापुढं धरला.

"आधी तू घे घोट."

मला ते फार लागलं. "माझ्यावर विश्वास नाही राहिला ना?"

"तुझ्यावर हाय. माझ्यावर न्हाई. कडू लागला तरी मी पिणार. परत बोलणार बी न्हाई. कालच बगितलंस की."

मी घोट घेतला. मग त्यांनी घेतला.

तेव्हापासून ती रीतच पडली. सुरुवातीला गोळीसाठी आम्ही सोलापुरात माझ्या माहेरी राहिलो, पुढं आठवड्याच्या गोळ्या घरी मिळायला लागल्या, आणि शेडमधल्या दोन बायका आपापली पुडी सोडवायला आमच्याबरोबर साडेआठच्या एसटीला येऊ लागल्या. पण आत्यांचा चहा, सकाळचा असो की दुपारचा, पहिला घोट माझा. सून सासूला उष्टा चहा पाजते म्हणून भावकीत बोभाटा झाला. मल्लिनाथ एकदा कप फेकून देणार होते. "मीच मागते," आत्या त्यांना म्हणाल्या, "तू तुझा ट्रक बग."

या सगळ्याला आता नऊ वर्षं झाली. आत्यांची गोळी अजून चालू आहे, अगदी थोडी. पुन्हा झटका आला नाही. पण मला सांगायची आहे ती तिसऱ्या वर्षातली एक सकाळ. शेडमध्ये दिवाळीच्या ऑर्डरी चालल्या होत्या. मी आत्यांचा चहा आणला आणि रोजच्यासारखा कप तोंडाकडं नेणार, तेवढ्यात त्यांनी तो माझ्या हातातून घेतला. तव्यावरची भाकरी फुगत होती, तिच्याकडं बघत बघत त्या प्यायल्या. एक घोट, दोन घोट. मी रिकामा हात तसाच धरून उभी.

"काय बगतीस?"

"आत्या... पहिला घोट..."

त्यांनी आणखी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"साखर कमी हाय," त्या म्हणाल्या.

साखर आणायला म्हणून मी आत गेले, ती बराच वेळ बाहेर आले नाही.